दुष्काळ पडला म्हणून माणसं भांडतात, की वाटप बिघडलं म्हणून?

केडगावचा_पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा दौंड तालुक्यातला. सध्या नारायण पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. आमच्या अभ्यासिकेत रविवारी गटचर्चा असते. या वेळचा विषय होता पर्यावरणातले बदल आणि सुरक्षा. सीरिया, सुदान, चाड सरोवर ही नावं सगळ्यांनी घेतली. एकाने ठासून सांगितलं की तापमान वाढलं की पाणी कमी होणार आणि पाणी कमी झालं की युद्धं होणार, यात शंकाच नाही. मला ते पटत नव्हतं, पण खोडताही येईना.

माझ्या मनात आमचाच कालवा घोळत होता. इथे नळाला येतं ते पाणी खडकवासल्याचं. आमच्या उसाला आणि कांद्याला येतं तेही त्याच धरणसाखळीतलं. २०२४ च्या उन्हाळ्यात वडील फोनवर आधी विचारायचे, "तिकडं नळाला पाणी येतंय का?" मी हो म्हणालो की पुढे काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागायचं.

तर निसर्ग बदलला की भांडण आपोआप होतं का? होत नसेल तर मधे नेमकं काय घडतं? आणि भांडण मिटवायची, किंवा होऊच न द्यायची, आपल्याकडची खरी उदाहरणं आहेत का? पुस्तकी व्याख्या भरपूर मिळाल्यात. कुणी पाहिलेलं सांगितलं तर बरं होईल.

---

कालव्यावरचा_माणूस

बाळा, तू दौंडचा म्हणालास आणि राहवलं नाही. माझी उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यातली बरीच वर्षं कालवा निरीक्षक म्हणून. आता हडपसरला मुलाकडे असतो. कालवा इथून जवळच वाहतो, त्यामुळे अजून रोज पाणी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

मी जी मोठी भांडणं पाहिली ती सगळ्यात वाईट दुष्काळात झाली नाहीत. धरणात काहीच नसतं तेव्हा शेतकरी खचलेला असतो. जनावरं छावणीवर नेतो, टँकरची वाट बघतो, पण शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. भांडण पेटतं ते मधल्या वर्षात. कालव्यात पाणी डोळ्यांना दिसतंय, आपल्या चारीला, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाला, मात्र येत नाही, आणि का येत नाही हे सांगायला कुणी पुढे येत नाही.

शेजपाळी तुला माहीत असेलच, पण इथे पुण्याचे वाचकही आहेत म्हणून सांगतो. शेतकऱ्याने नमुना सातचा पाणीअर्ज भरायचा, मंजुरी झाली की पाळीपत्रकात त्याचं नाव, क्षेत्र आणि तास लागतात. पाणी टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून, द्यायचं आणि वर हेडकडे, म्हणजे तोंडाकडे, यायचं, म्हणजे शेवटचा कोरडा राहत नाही. ही शिस्त पाळली गेली तर कमी पाण्यातही लोक तक्रार करत करत का होईना, निभावून नेतात. ती एकदा मोडली की पुढच्या पाळीला कुणी कुणाचं ऐकत नाही.

एक रात्र सांगतो. गावं सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची फेरी, चालू होतं. एका वितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, दारावर वरच्या गावची पोरं काठ्या घेऊन बसलेली, कारण खालच्या गावाने दार जास्त उचलून घेतलं असा त्यांना संशय. खालून ट्रॅक्टर-ट्रॉली भरून माणसं आली, त्यांचं म्हणणं पाणी वरच अडवलं. मधे आमचा पाटकरी एकटा, हातात दाराची किल्ली घट्ट धरलेली. मी गेलो आणि दोन्ही गावांची दोन-दोन जाणती माणसं तेवढी बाजूला घेतली. त्यांना फ्लूमवर, म्हणजे पाणी मोजायच्या जागी, नेलं. बॅटरी मोजपट्टीवर धरली आणि म्हटलं, तुम्हीच वाचा, मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं. मी खडूने दाराच्या खांबावर आकडा आणि वेळ लिहिली. मग पाळीपत्रकावर त्या वेळी किती पाणी यायला हवं होतं तेही त्यांच्याकडूनच वाचून घेतलं. वितरिकेच्या तोंडाशीच पाणी बरंच कमी होतं. म्हणजे या दोघांपैकी कुणी चोरलेलं नव्हतं, त्यांच्याही वर मुख्य कालव्यात कुठेतरी सायफन, म्हणजे पाणी चोरून ओढायच्या नळ्या, पडलेले होते. काठ्या तिथेच राहिल्या आणि दोन्ही गावची माणसं एकाच ट्रॉलीत बसून वर सायफन काढायला गेली. पहाटेपर्यंत मोजपट्टीवर पाणी चढलेलं दिसलं. पुढच्या आवर्तनाला खांबावर खडूने आकडा लिहायचं काम त्यांनी स्वतःहून चालू ठेवलं.

तुझ्या "मधे काय घडतं" ला माझं उत्तर हे आहे. पाणी कमी होणं आणि माणूस काठी उचलणं यांच्या मधे एक मोजपट्टी असते, एक पाळीपत्रक असतं आणि दोन्ही बाजू ज्याचं ऐकतील असा एखादा माणूस असतो. हे तिन्ही जागेवर असतील तर टंचाई सोसली जाते.

आता हवामानाचं. पुण्यातल्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आम्हाला हे कालव्यावर वेगळ्या तऱ्हेने कळतं. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्या जूनमध्ये सोलापूरला पाणी देणारी उजनी (धरण) उणे ६० टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी चाललेलं. आणि २५ जुलै २०२४ ला मुठेला असा पूर आला की सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरून लोकांना बोटीने काढावं लागलं. ऑगस्टमध्ये उजनी भरली. हे सगळं एका वर्षाच्या आत.

आमची पाळीपत्रकं ज्या पावसाच्या भरवशावर बांधलेली होती तो पाऊस असा नव्हता. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समिती बसते, रब्बीची किती आणि उन्हाळी किती आवर्तनं ते ठरतं. शेतकरी त्या शब्दावर पीक धरतो, कर्ज काढतो. मग फेब्रुवारीत समजतं की उन्हाळी आवर्तन एकच, तेही लांबलेलं. पाऊस कमी पडला याचा राग कुणी कुणावर काढत नाही. दिलेला शब्द फिरला याचा राग मात्र माणूस विसरत नाही. बदललेलं हवामान भांडणात शिरतं ते या वाटेने.

आणि मावळ बघ. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायच्या योजनेला विरोध करायला शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. तारीख ९ ऑगस्ट २०११. ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसाळा! तहानेने ते पेटलं नव्हतं. धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलेलं आणि आता नदीतून वाहणारं पाणीही नळीत जाणार, तेही आपल्याला न विचारता, ही भीती होती. उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचा निर्णय २०२१ मध्ये झाला तेव्हाही तेच. एक थेंब हललेला नव्हता, तरी सोलापूर पेटून उठलं आणि मे महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला.

---

संध्या_कोथरूड

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, त्यामुळे बाहेरच्या उदाहरणांपुरती भर घालते. एक बारीक मतभेदही आहे, तो शेवटी.

सीरियाबद्दल. साधारण २००६ ते २०१० असा लागोपाठ दुष्काळ ईशान्य सीरियात पडला हे खरं. पण तोच दुष्काळ शेजारच्या इराकमध्ये आणि तुर्कस्तानच्या काही भागातही होता, तिथे २०११ चं बंड झालं नाही. सीरियात त्याआधी गहू आणि कापसासाठी भूजल बेसुमार उपसून झालं होतं. त्यात २००८ मध्ये सरकारने डिझेलचं अनुदान काढलं, दर एका फटक्यात तिपटीहून वर गेले आणि विहिरीवर पंप चालवणं परवडेनासं झालं. मार्च २०११ मध्ये दरआ शहरात लोक रस्त्यावर आले ते मुलांना पकडून छळल्यामुळे. २०१५ मध्ये एका अभ्यासगटाने दुष्काळ आणि युद्धाचा धागा जोडला, २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तो पुरावा किती कच्चा आहे हे दाखवलं. गटचर्चेत "सीरियाचं युद्ध हवामानामुळे" असं कुणी म्हणालं तर आधी डिझेलच्या दराबद्दल विचार.

हे बारकाईने मांडणं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर सगळा दोष पावसावर टाकला की ज्यांनी गोळ्या झाडल्या ते मोकळे सुटतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हा विषय पहिल्यांदा एप्रिल २००७ मध्ये चर्चेला आला. १३ डिसेंबर २०२१ ला आयर्लंड आणि नायजरने मांडलेल्या ठरावाच्या बाजूने १२ मतं पडली, रशियाने नकाराधिकार वापरला, चीन तटस्थ राहिला आणि भारताने विरोधात मत दिलं. भारताचं म्हणणं असं की हवामानाचा प्रश्न विकासाचा आणि न्यायाचा आहे, त्याची वाटाघाट सगळे देश जिथे बसतात त्या हवामान करारातच व्हावी, मूठभर देशांच्या परिषदेत नको. मुलाखतीत हे विचारतात. मला स्वतःला भारताची भूमिका बऱ्याच अंशी पटते, कारण एकदा "सुरक्षा" हा शिक्का बसला की पाण्याच्या प्रश्नावर पाटकऱ्याऐवजी बंदूकधारी पाठवायचा मोह होतो.

काकांच्या मोजपट्टीवरून आठवलं. इस्रायल आणि जॉर्डन अधिकृतरीत्या युद्धस्थितीत असतानाही दोन्हीकडचे पाणी अधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली नदीकाठी भेटत, यार्मुक नदीचं पाणी मोजत आणि वाटपाचं ठरवत. वर्षानुवर्षं. शांतता करार झाला १९९४ मध्ये आणि त्यात पाण्याचं स्वतंत्र कलम आहे. सिंधू करार १९६० चा. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही वेळा तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला, तोही पाणी कमी झालं म्हणून नव्हे.

मतभेद एवढाच. अगदी वाईट दुष्काळात भांडण होत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये लातूरला टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, नंतर मिरजेहून रेल्वेने पाणी आलं.

---

कालव्यावरचा_माणूस

ताई, लातूरचं मान्य. पिण्याच्या पाण्याची रांग आणि शेतीची पाळी यांत फरक असतो. हंडाभर पाण्यासाठी आई थांबू शकत नाही.

---

मेंढक्याची_लेक

मी पुण्यात नर्स आहे. आमचं मूळ फलटणकडचं, घरची मेंढरं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, कोकणाच्या वाटेला लागायचा, पुण्याच्या कडेकडेने. लहानपणी मीही चालले आहे, घोडीवर बिऱ्हाड आणि पाठीमागे कोकरं.

शेतकरी आमचा शत्रू नव्हता. उलट पीक निघालं की तोच निरोप धाडायचा, मेंढरं बसवा म्हणून. संध्याकाळी रानात वाघर (जाळीचं कुंपण) लावायची, रात्रभर मेंढरं आत बसायची, सकाळी लेंडीखत आपोआप पडलेलं. त्याचं धान्य नाहीतर पैसे मिळायचे. काही घरांशी हे आज्यापासूनचं. त्यांच्या लग्नाला आम्ही आणि आमच्या मयतीला ते.

आता काय झालंय ते सांगते. पूर्वी जिरायत रान दिवाळीनंतर मोकळं असायचं. आता बोअर झाले, चाऱ्या आल्या, त्याच रानात ऊस नाहीतर कांदा उभा. पाऊस लांबला की ज्वारीची पेर लांबते, म्हणून आमची जायची वेळ आणि त्यांची काढणीची वेळ जमत नाही. वाट तीच, पण दोन्ही बाजूंना उभं पीक. एक मेंढी आत घुसली की शिव्या, मारामारी, कधी पोलीस. त्यात अवकाळी. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला थंडीत पाऊस कोसळला तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात मेंढरं गारठून मेली. लोकर भिजून जड झाली की मेंढी बसते, आणि बसली की उठत नाही. माझ्या भावाने कोकरं स्वतःच्या घोंगडीत घेतली होती, तरी सगळी वाचली नाहीत. त्या दिवशी ज्या शेतकऱ्याच्या रानात वाडा होता त्याने गोठा मोकळा करून दिला. त्याची जनावरं पावसात बांधून आमची मेंढरं आत घेतली. त्याच पंधरवड्यात दुसऱ्या गावात आमच्या माणसांना काठीने मारलं होतं. पाऊस दोन्हीकडे सारखाच होता. पहिल्या घराशी ओळख होती, दुसरीकडे नव्हती.

सुदानमधल्या दारफूरबद्दल वाचलं तेव्हा मला ते सगळं घरचं वाटलं. तिथेही उंट-गुरं घेऊन फिरणारे आणि शेती करणारे, ठरलेल्या वाटा, पीक खाल्लं तर दंड किती हे ठरवणारे जुने प्रमुख. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ती प्रमुखांची व्यवस्थाच मोडीत काढली. १९८४-८५ मध्ये भीषण दुष्काळ पडला तेव्हा तंटा सोडवणारं पूर्वीसारखं कुणी उरलेलं नव्हतं. आणि २००३ मध्ये बंड झालं, सरकारने एका बाजूच्या टोळ्यांच्या हातात शस्त्रं दिली आणि युद्ध भडकलं. आमच्याकडे अजून गावोगावी जाणती माणसं आहेत म्हणून निभतंय. ती गेल्यावर कोण, हे मला रात्री सुचत राहतं.

---

केडगावचा_पोरगा

ताई, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, आपल्या रानातही वाडा बसायचा, ऊस लावल्यापासून बंद झाला.

काका आणि संध्या मॅडम, भांडण का होतं ते कळलं. पण आधीपासून वाटप नीट ठरवून भांडण टाळलं असं जवळपास कुठे झालंय का?

---

पुरंदरची_माती

झालंय की. आमच्या पुरंदरात. नायगावचं नाव ऐकलंस का? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे, पुण्यात कारखाना असलेले इंजिनियर, तिथे आले. १९७४ मध्ये त्यांनी देवस्थानची ४० एकर माळजमीन घेऊन ताली-बंधारे घातले, पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

नियम ऐक. पाणी जमिनीवर मिळत नाही, माणसांवर मिळतं. घरात जितकी डोकी तितक्या अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकत जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उचलायचा. आणि पाणी सोडणारा पाटकरी गटानेच नेमायचा.

माझे चुलते अशाच एका गटात होते. बैठकीत आवाज चढायचे, पण भूमिहीन माणूसही पाण्याचा वाटेकरी म्हणून बागायतदाराच्या शेजारी सतरंजीवर बसून बोलायचा. दुष्काळी तालुक्यात ही केवढी गोष्ट आहे हे शहरात राहून कळणार नाही. पुढे बऱ्याच योजना बंद पडल्या, विजेची बिलं थकली, पोरं पुण्याला कामाला गेली, काहींनी नियम सोडले. तरी पाणी माणशी वाटता येतं हे आमच्या लोकांनी करून दाखवलं आणि ते मी कुणालाही ठणकावून सांगतो.

---

कालव्यावरचा_माणूस

नायगावला मी गेलो आहे. साळुंख्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण एका टेकडीखालच्या गटात जे जमतं ते आपल्या कालव्यावर जसंच्या तसं जमणार नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी. कालवा पार इंदापुरापर्यंत. आणि हेडला एखादं गाव नाही, अख्खं पुणे शहर. शहर मंजुरीपेक्षा जास्त उचलतं हा वाद मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या छोट्या कालव्यात, सोडून शेतीची भरपाई करायची असं ठरलं. ते पाणी किती येतं आणि कसं येतं, यावर टेलचा शेतकरी किती चिडलेला आहे हे यवतच्या पुढे कुठल्याही टपरीवर चहा घेतलास तरी समजेल.

म्हणून माझा आग्रह एकच आहे, आणि मी तो तळमळीने धरतो. हेडला शहर किती घेतं याचा आकडा रोज टेलच्या चावडीवर लागला पाहिजे, आणि टेलला किती पोचलं याचा आकडा रोज शहरात दिसला पाहिजे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलेलं आहे. मोजून द्यायचं ते सगळ्यांनाच मोजून द्या. आणि उसाचं क्षेत्र पाण्याशी बांधल्याशिवाय हे सुटणार नाही, हे तुझ्या वडिलांना कडू लागेल तरी सांगतो. बारमाही पीक धरून आठमाही पाण्याची पाळी कुणी पुरवू शकत नाही.

तू काय कर. गावाकडे जाशील तेव्हा वडिलांना घेऊन शाखा कार्यालयात जा. गेल्या आवर्तनाचं पाळीपत्रक आणि तुमच्या वितरिकेची गेज नोंदवही, म्हणजे पाण्याच्या मोजमापाची वही, बघायला माग. मंजूर किती, तोंडाशी आलं किती, तुमच्या दाराशी पोचलं किती, हे तीन रकाने वहीत उतरव. मग हेच रकाने घेऊन अभ्यासिकेतल्या पुण्याच्या मित्रांना दाखव.

---

केडगावचा_पोरगा

काका, येत्या शनिवारी जातो. नोंदवही बघायला लेखी अर्ज लागतो का?

---

कालव्यावरचा_माणूस

आधी तोंडी विचार, नीट बोललास तर शाखाधिकारी दाखवतो. नाहीच म्हणाला तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आवर्तनाची तारीख आणि वितरिकेचं नाव स्पष्ट लिही, मोघम लिहिलंस तर उत्तरही मोघम येतं. आणि पाणीवापर संस्थेचा एखादा संचालक बरोबर ने, त्याला नोंदवही वाचता येते. अडलं तर इथे लिही, हडपसरहून लोकलने तासा-दीड तासात केडगावला पोचतो मी.